शिणाण्याच्या शिंपल्यावरची पांढरी जाळी: नाव देण्याआधी काय काय बघायचं

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका एमएस्सीच्या विद्यार्थिनीचा आहे. बेळगावात कॅम्पातल्या मासळी बाजारातून तिनं शिणाणे आणले, विकणारी म्हणाली कारवारचे. साफ करताना दोन शिंपल्यांवर घट्ट चिकटलेली पांढरी जाळी दिसली, लेस लावल्यासारखी. मोबाईलला भिंग लावून तिनं फोटो काढला, इंटरनेटवर ताडून पाहिला आणि ‘मेम्ब्रॅनिपोरा मेम्ब्रॅनेसिया’ हे नाव जुळल्यासारखं वाटलं. मैत्रिणीचं म्हणणं, जाळीवर काटे आहेत, फोटोतल्या जातीवर नाहीत, म्हणजे ही नवीन जात असणार. आता तिला विचारायचंय की हे नक्की काय आहे, वर्गीकरणात कुठं बसतं आणि याचं वर्णन लिहायचं तर सुरुवात कुठून करायची.

मी बेळगावात तीसेक वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आणि सुट्ट्या मिळतील तशा कारवार, अंकोला, वेंगुर्ल्याच्या खडकांवर, अशी जाळी करून वसाहतीनं राहणाऱ्या ब्रायोझोआ या बारीक प्राण्यांच्या मागं घालवल्या. समुद्र नसलेल्या गावात बसून कुणी हा प्रश्न विचारतंय, याचा मला फार आनंद झालाय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक विनंती. शिंपले अजून घरात असतील तर टाकू नकोस, आणि जाळी ब्लेडनं खरवडायला तर मुळीच जाऊ नकोस. हे प्राणी शिंपल्याला पूर्ण तळानं चिकटलेले असतात. खरवडलं की खोल्यांचा भुगा होतो, आणि वसाहत कुठून सुरू झाली ती जागा सगळ्यात आधी जाते. शिंपल्यासकट ठेव.

फोटोत मला जे दिसतं ते असं. रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा आहे. त्यात विटांचा थर रचावा तशा लांबट खोल्या, प्रत्येक रांग शेजारच्या रांगेपेक्षा अर्ध्या विटेनं सरकलेली. खोलीचा वरचा बराचसा भाग उघडा, आणि त्या उघड्या भागाच्या कडेनं बारीक काटे. एवढ्यावरून संघ ब्रायोझोआ, वर्ग जिम्नोलिमाटा, गण कायलोस्टोमाटा, इथवर मी खात्रीनं सांगतो. कुल बहुधा इलेक्ट्रिडी. ‘बहुधा’ हा शब्द मी विचार करून वापरलाय, कारण त्यापुढचं काहीही या फोटोवरून ठरत नाही.

ब्रायोझोआ म्हणजे शब्दशः शेवाळ-प्राणी. आयर्लंडात थॉम्पसननं १८३० मध्ये यांना ‘पॉलिझोआ’ म्हटलं, दुसऱ्याच वर्षी जर्मनीत एरेनबर्गनं ‘ब्रायोझोआ’ म्हटलं, आणि हे दुसरं नाव टिकलं. जुन्या भारतीय पुस्तकांत ‘पॉलिझोआ’ भेटलं तर गोंधळू नकोस, प्राणी तेच. तुझ्या जाळीतली प्रत्येक खोली हा एकेक जीव, त्याला झूइड म्हणतात. लांबी साधारण अर्धा मिलिमीटर. नाण्याएवढ्या वसाहतीत अशा दोन-अडीच हजार खोल्या सहज मावतात, आणि त्या सगळ्या एकाच डिंभापासून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या पिल्लापासून, कळ्या फुटत फुटत झालेल्या असतात. खोलीतल्या जिवाला तोंडाभोवती संस्पर्शकांचं, म्हणजे बारीक सोंडांसारख्या अवयवांचं, नरसाळं असतं, त्यावरचे सूक्ष्म केस हलले की पाण्याचा प्रवाह आत येतो आणि त्यातले कण तो खातो. पचननलिका इंग्रजी यू अक्षरासारखी वळलेली, गुदद्वार संस्पर्शकांच्या कड्याबाहेर.

हे जिवंत कधी पाहिलं नसशील तर एकदा बघच. कारवारला एका खोलीत मुक्काम होता, रात्री जेवणाच्या स्टीलच्या ताटात समुद्राचं पाणी घेऊन त्यात एक दगड ठेवला आणि बाजूनं टॉर्च लावली. दहा मिनिटं काहीच झालं नाही, कोरडी चुन्याची जाळीच. मग एका खोलीचं झाकण उचललं गेलं, दुसरीचं, आणि बघता बघता सगळ्या दगडावर काचेच्या बारीक फुलांचा ताटवा उभा राहिला. ताटाला बोट लागलं तसा क्षणात मिटला. मध्येमध्ये काही खोल्या मात्र बंदच राहिल्या. त्यांच्यात तपकिरी ठिपका होता. आतला जीव झिजून गेला की त्याचा असा तपकिरी गोळा उरतो आणि त्याच खोलीत पुढं नवा जीव तयार होऊ शकतो.

आता वर्गीकरणाकडं. आजच्या जिवंत ब्रायोझोआंचे तीन वर्ग. फायलॅक्टोलिमाटा फक्त गोड्या पाण्यातले. स्टेनोलिमाटा समुद्रातले, नळीसारख्या खोल्यांचे. त्यातला आज फक्त सायक्लोस्टोमाटा हा एक गण शिल्लक आहे. तिसरा जिम्नोलिमाटा, त्यात चुना नसलेले टीनोस्टोमाटा आणि चुन्याच्या भिंतीचे, झाकणाचे कायलोस्टोमाटा. खडकावर, शिंपल्यावर, खेकड्याच्या पाठीवर जे पापुद्रे सापडतात ते बहुतेक या शेवटच्या गणातले. (मलप्रभेचा उगम तुमच्याच तालुक्यात कणकुंबीला आहे. पावसाळा सरल्यावर पाण्यातल्या काटक्या आणि दगडांची खालची बाजू बघत जा. गोड्या पाण्यातली एखादी वसाहत सापडली तर हात बसायला तिच्याइतकं चांगलं काही नाही.)

कायलोस्टोमाटात पहिली नजर जायला हवी खोलीच्या वरच्या, म्हणजे आपल्याकडं असलेल्या भिंतीवर. इथं थोडं थांबून समजून घे, कारण सगळं वर्गीकरण या एका अडचणीभोवती फिरतं. जीव बाहेर यायचा तर खोलीतला दाब वाढला पाहिजे. पण भिंती चुन्याच्या, ताठ. मग दाब वाढणार कसा? साध्या जातींत वरची बाजू पातळ पडद्याची असते. स्नायू तो पडदा आत ओढतात, आतलं द्रव दाबलं जातं, संस्पर्शक बाहेर ढकलले जातात. यात धोका उघड आहे: पडदा म्हणजे शत्रूला उघडं दार. म्हणून काही जातींनी भोवती काटे उभे केले, काहींनी पडद्याखाली चुन्याचं छप्पर घातलं, आणि काहींनी पडद्यावरच चुन्याची ढाल आणली. वरून ढाल आली की पडदा ओढता येत नाही. तिथं ढालीखाली एक पिशवी असते, तिच्यात बाहेरचं पाणी शिरतं आणि दाबाचं काम ती करते. पडद्यावाल्यांना जुनी पुस्तकं ॲनॅस्का म्हणतात, पिशवीवाल्यांना ॲस्कोफोरा. ही पिशवी एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे तयार झाली असं आता मानतात. त्यामुळं ही दोन नावं ‘रचनेची पायरी’ म्हणून वापर, नात्याचा पुरावा म्हणून वापरू नकोस.

तुझी जाळी पडदावाली आहे. पडदावाल्यांत मेम्ब्रॅनिपोरिडी आणि इलेक्ट्रिडी ही दोन कुलं नवशिक्याला हमखास चकवतात. दोघांत अंडी सांभाळायची चुन्याची घुमटी नसते. दोघांचा डिंभ, सायफोनॉटिस, दोन शिंपल्यांचा, बाजूनं त्रिकोणी दिसणारा, आणि तो समुद्रात तरंगत स्वतः खात वाढतो. फरक पडतो तो वसाहतीच्या जन्मस्थानी. डिंभ चिकटून जो पहिला झूइड होतो त्याला अँसेस्ट्रुला म्हणतात. मेम्ब्रॅनिपोरात तो जुळा असतो, पाठीला पाठ लावल्यासारख्या दोन खोल्या एकदम. इलेक्ट्रिडीत एकटा. दुसरा फरक भिंतीत: इलेक्ट्रिडीत पडद्याच्या बाहेरच्या अंगाला गुळगुळीत चुन्याची पट्टी चांगली दिसते, मेम्ब्रॅनिपोरात ती जवळजवळ नसते आणि पडद्याखालून खरखरीत, दाणेदार ओटा आलेला असतो. तुझ्या फोटोत ती गुळगुळीत पट्टी असल्यासारखी वाटते, म्हणून मी इलेक्ट्रिडी म्हटलं. पण अँसेस्ट्रुला फोटोच्या चौकटीबाहेर राहिलाय.

मेम्ब्रॅनिपोरा मेम्ब्रॅनेसिया हे नाव मात्र मनातून काढून टाक. ती थंड समुद्रातली, केल्प नावाच्या मोठ्या तपकिरी शैवालांच्या पानांवर पसरणारी जात. आपल्या किनाऱ्यावर केल्पची रानं नाहीत. भारतीय ब्रायोझोआंच्या जुन्या याद्यांत युरोपातली नावं भरपूर आहेत, कारण तेव्हा हाताशी पुस्तकं तिकडचीच होती आणि ‘थोडंफार जुळतंय’ एवढ्यावर नाव लागायचं. इंटरनेटवर फोटो जुळवून नाव लावणं ही त्याच चुकीची नवी आवृत्ती आहे. नाव लावताना तो प्राणी इथं कसा जगेल, हाही प्रश्न विचारायचा.

आता मैत्रिणीच्या काट्यांबद्दल. याच मेम्ब्रॅनिपोरा मेम्ब्रॅनेसियावर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर १९८० च्या दशकात प्रयोग झाले. तिला खाणारी कवच नसलेली समुद्रगोगलगाय जवळ आली की वसाहत कडेच्या नव्या खोल्यांवर काटे उगवते. तीच जात, तीच वसाहत; मागच्या खोल्या बिनकाट्याच्या, पुढच्या काटेरी. काटे किती, किती लांब, हे पाण्यावर, लाटांवर, शत्रूवर बदलू शकतं. म्हणून ‘काटे आहेत’ हे वर्णनात लिहायचं, पण तेवढ्यावर नवी जात उभी करायची नाही. काटे कुठून निघतात, कडेवरून, पट्टीवरून की झाकणावरून, हे त्यांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचं.

हे झाकणाचं मी अनुभवानं सांगतोय. फेर्डिनांड स्टोलिच्का हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला मोराव्हियाचा शास्त्रज्ञ. बंगालमध्ये पोर्ट कॅनिंगच्या मचूळ पाण्यातून त्यानं १८६९ मध्ये एका पापुद्र्याचं वर्णन केलं, नाव ठेवलं मेम्ब्रॅनिपोरा बेंगालेन्सिस. (पुढं पाचच वर्षांनी तो लडाखात वारला, लेहला त्याचं स्मारक आहे.) ही जात नंतर इलेक्ट्रा वंशात गेली, आणि २०१० मध्ये तिच्यासाठी आर्बोपर्क्युला हा वंश तयार झाला. कारण काय, तर तिच्या झाकणावरच फांद्यांसारखे काटे असतात. आता ही गोष्ट ध्यानात ठेवून माझं ऐक. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत काळी नदीच्या मुखाशी, सदाशिवगडाच्या बाजूला, कालवाच्या एका शिंपल्यावर मला अशी वसाहत सापडली. एकच. पुस्तकात वाचलं होतं की चुन्याची रचना नीट दिसायला ब्लीचमध्ये बुडवावं. रात्रभर बुडवली. सकाळी भिंती लख्ख, देखण्या, आणि एकाही खोलीला झाकण नाही. झाकण कायटिनचं असतं, ते ब्लीचमध्ये विरघळून गेलं, आणि त्यावर काटे होते की नव्हते हे सांगणारं काहीच उरलं नाही. पुढच्या दोन हिवाळ्यांत त्याच खडकांवर मी परत परत गेलो, ती वसाहत परत मिळाली नाही. तो शिंपला अजून माझ्याकडं आहे, लेबलवर ‘इलेक्ट्रिडी, जात अनिश्चित’ एवढंच.

म्हणून नमुना हाताशी आला की त्याचे वाटे आधी करायचे. शिंपला हॅक्सॉच्या बारीक पात्यानं किंवा दाताच्या डॉक्टरांच्या ड्रिलसारख्या चकतीनं कापता येतो. एक तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, डीएनएसाठी. एक तुकडा नुसता वाळवून, झाकणं-काटे-पडद्यासकट. एकच तुकडा ब्लीचला. घरगुती ब्लीच पाण्यात पातळ करून, दर तासाला बघत, मग साध्या पाण्यात अनेकदा धुऊन. फॉर्मॅलिन टाळ, ते हळूहळू आम्ल होतं, चुना खातं, आणि डीएनएही खराब करतं. तसाच दुसरा तुकडा किंवा दुसरी वसाहत शिल्लक असल्याशिवाय ब्लीचची बाटली उघडायची नाही.

ब्लीच केलेला तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गेला पाहिजे. आज त्याशिवाय कायलोस्टोमाटाचं वर्णन कुणी गंभीरपणे घेत नाही, आणि ते योग्यच आहे. धारवाडच्या किंवा कोल्हापूरच्या विद्यापीठात विचारून बघ, बाहेरच्या विद्यार्थ्यांना पैसे भरून वेळ मिळू शकतो. पण तिथं जाण्याआधी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सगळं मोजून, चितारून झालेलं असू दे. चित्र हातानं काढ. फोटोत जे सुटतं ते पेन्सिल पकडते, कारण प्रत्येक रेघ काढताना ‘हे इथून निघतं की तिथून’ हे ठरवावं लागतं.

मोजमाप कुठल्या खोल्यांचं घ्यायचं, हा प्रश्न विद्यार्थी विचारत नाहीत आणि तिथंच आकडे बिघडतात. अँसेस्ट्रुलाच्या भोवतीच्या पहिल्या काही पिढ्यांच्या खोल्या लहान असतात, आकारही वेगळा. अगदी कडेच्या खोल्या अजून पुऱ्या झालेल्या नसतात, तिथं चुना चढायचा बाकी असतो. मधला पट्टा घे, जिथं खोल्या एकसारख्या दिसू लागल्यात. वीस-तीस खोल्यांची लांबी, रुंदी आणि पडद्याच्या उघडीपीची लांबी, रुंदी. सगळ्यात लहान, सगळ्यात मोठं, सरासरी आणि प्रमाण विचलन. शक्य असेल तर तीन-चार वेगवेगळ्या वसाहतींतून. एकाच वसाहतीतल्या तीस खोल्या म्हणजे एकाच जिवाच्या तीस नकला आहेत, जातीतली विविधता त्यात येत नाही. आणि सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसमधली पट्टी स्टेज मायक्रोमीटरवर, म्हणजे नेमक्या खुणांच्या काचपट्टीवर, आधी जुळवून घे. ती न जुळवता मोजलेले प्रबंधातले तक्ते मी पाहिलेत. ते कुणाच्याच उपयोगाचे नसतात.

वर्णन लिहिताना वसाहतीपासून खोलीकडं, खोलीपासून तिच्या अवयवांकडं असं उतरत जा. वसाहत एकपदरी की थरावर थर, रंग जिवंतपणी काय आणि वाळल्यावर काय. खोल्यांचा आकार, मधली खाच. पडदा, पट्टी, ओटा, काटे. तोंड, झाकण. अंड्यांची घुमटी आहे की नाही. शेजारच्या खोल्यांना जोडणारी भोकं भिंतीत कुठं. ॲव्हिक्युलेरिया आहेत का: पक्ष्याच्या चोचीसारखे उघडझाप करणारे हे खास झूइड डार्विननंही बीगल जहाजाच्या प्रवासात पाहून त्यांची तुलना गिधाडाच्या डोक्याशी केली होती. शेवटी अँसेस्ट्रुला. जे नाही तेही लिही. ‘ॲव्हिक्युलेरिया नाहीत’ हे वाक्य पुढच्या माणसाचे दोन दिवस वाचवतं. ‘दिसले नाहीत’ आणि ‘नाहीत’ यांत मात्र फरक ठेव.

आता नवीन जातीचा प्रश्न, आणि इथं तुझं मन थोडं मोडेल. बाजारातून आलेल्या शिंपल्यावर नवीन जात उभी करू नये. विकणारी कारवार म्हणाली, पण बेळगावात मासळी गोव्याहून येते, मालवण-वेंगुर्ल्याहूनही येते. नवीन जातीला ‘मूळ ठिकाण’ लागतं, जिथं उद्या दुसरं कुणी जाऊन तीच शोधेल. या नमुन्याला ते नाही. सरावाला हा शिंपला उत्तम. पुरावा म्हणून तुला स्वतः जावं लागेल.

ठिकाण लिहितानाही जपून. कारवारचा जुना नमुना एखाद्या संग्रहालयात निघाला तर लेबलवर ‘उत्तर कानडा, मुंबई इलाखा’ असू शकतं, कारण १८६२ ते १९५६ तो जिल्हा मुंबईकडं होता. मग म्हैसूर राज्य, १९७३ पासून कर्नाटक. आपल्या शहराचं कागदोपत्री नाव २०१४ मध्ये बदललं. सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. खडक मात्र तिथंच आहे. म्हणून गावाच्या नावासोबत अक्षांश-रेखांश, तारीख, भरती-ओहोटीची पातळी, कशावर सापडलं आणि कुणी गोळा केलं, एवढं प्रत्येक लेबलवर पाहिजे. शाई अल्कोहोलमध्ये फुटते, पेन्सिल टिकते.

जातींच्या नावांचंही तसंच आहे. कंसातलं ‘(स्टोलिच्का, १८६९)’ हे वाचता आलं पाहिजे: जात स्टोलिच्कानं नाव दिलेली, वंश मागाहून बदललेला. तुझी जात खरंच नवी ठरली तर आधी त्या वंशातल्या सगळ्या ज्ञात जातींचं मूळ वर्णन वाचावं लागेल, जमलं तर मूळ नमुन्यांशी ताडावं लागेल. मग एक होलोटाइप, म्हणजे ज्या एका नमुन्याला ते नाव कायमचं बांधलेलं राहतं तो, स्पष्टपणे नेमायचा आणि तो कुठल्या संग्रहात ठेवणार ते छापायचं. २००० पासून हे बंधनकारक आहे. फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात छापणार असशील तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत नोंदवहीत नोंदणी लागते, ती तरतूद २०१२ ची. आपल्याकडं जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणं नवीन जातीचा नमुना नेमून दिलेल्या संग्रहात जमा करावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण हा त्यातला एक. आणि नमुना परदेशी तज्ज्ञाला पाठवायचा मोह झाला तर आधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम बघ, पाकीट पोस्टात टाकून मोकळं व्हायचं नाही.

डीएनए करावाच. दिसायला एक आणि जनुकांत वेगळ्या अशा जाती या संघात पुष्कळ निघाल्यात. पण नुसत्या डीएनएवर नाव नको. मोठ्या ओहोटीला खडकावर बसलेल्या माणसाला भिंगातून ओळखता आलं पाहिजे.

आता तू करायचं ते एवढंच. दोन्ही शिंपले साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळव, ब्रश लावू नकोस. शिंपल्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं १ आणि २ असे आकडे घाल. मग भिंग घेऊन खोल्यांच्या रांगा ज्या दिशेनं एकत्र येतात तिकडं सरकत जा. रांगा जिथून पंख्यासारख्या फुटतात तिथं पहिली खोली असेल. तिचा फोटो काढ, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. नंतर एका बंद झाकणावर उजेड तिरका पाडून दुसरा. पहिल्या फोटोत एक खोली आहे की दोन, आणि दुसऱ्यात काटे कडेवर आहेत की झाकणावर, एवढं मला कळव. डिसेंबर-जानेवारीत अमावास्येच्या आसपास कारवारला जायचं ठरलं तर मीही येईन. सदाशिवगडाखालचे ते खडक मला अजून एकदा बघायचे आहेत.